दर वेळी वेगळीच एरर? आधी रॅम तपासा

विंडोज टाकताना इन्स्टॉलेशन कधी २० टक्क्यांवर, कधी ६० टक्क्यांवर कोलमडतंय आणि निळ्या स्क्रीनवरचा संदेशही बदलतोय? मग पहिला संशय रॅमवर घ्या. (नेहमी एकाच जागी अडकत असेल तर पेनड्राइव्ह नव्याने तयार करून बघा.) इन्स्टॉलर फाइली रॅममध्येच उलगडतो, तिथे एक बिट चुकला तरी फाइल खराब होते. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा. तरीही तेच झालं, तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एरर आली की पीसीची वायर काढून रॅमची एकेक स्टिक (पट्टी) वेगवेगळ्या स्लॉटमध्ये (ती बसवायच्या खाचेत) लावून तपासा, कारण कधीकधी दोष स्लॉटचा असतो. एकच एरर आली म्हणून ती स्टिक कृपया चालवून घेऊ नका. अशी रॅम पुढे तुमचे फोटो नकळत बिघडवते.