मांजराचं पिल्लू घरी आणलंय? पहिल्या आठवड्यात एवढं बघाच

पावसाळा आला की पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटखाली पिल्लं सापडायला लागतात आणि कोणीतरी टॉवेलात गुंडाळून घरी आणतं. सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळपर्यंत मान टाकू शकतं, म्हणून लिहितेय.

आल्या आल्या दूध पाजायला धावू नका. आधी पंजे, कान, पोट हाताला गार लागतंय का बघा. गार असेल तर आधी ऊब, मग खाणं, कारण गार अंगात पोटात गेलेलं पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या टीशर्टात गुंडाळायची आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला बाजूला सरकता येतं. गाई-म्हशीचं दूध नको, जुलाब लागतात. दात फुटले नसतील तर पेट शॉपमध्ये पिल्लांची मिल्क पावडर मिळते ती द्या, आणि पाजताना पोटावर ठेवूनच पाजा, आपण बाळाला घेतो तसं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. 3 आठवड्यांच्या आतलं असेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हळू पुसायची, आई चाटते ना तसं, नाहीतर त्याला आपणहून होत नाही.

मग ओठ हलकेच वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढरट दिसल्या तर बहुतेक पिसवा किंवा जंतांनी रक्त कमी झालेलं असतं, त्याच दिवशी व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) गाठा. पिसवा ओळखायची सोपी युक्ती, बारीक फणी फिरवायची, निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर टाकायचे, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाण म्हणजे त्या पिल्लाचंच रक्त. पण कुत्र्याचं पिसवांचं औषध चुकूनही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे. पॅरासिटामॉलही नाही, अगदी तुकडाही नाही. आणि फिनाइलने फरशी पुसणं बंद करा, मांजर पंजे चाटतं आणि ते सगळं पोटात जातं.

घरात आधीची मांजर असेल तर 2 आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे). मी हे एकदा केलं नव्हतं. पार्किंगमधून आणलेल्या पिल्लाला रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी दाखवू म्हणून थांबले आणि सकाळी फार उशीर झाला होता. पॅनल्यूकोपेनिया होता, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो, साध्या साबणाने जात नाही, 1 भाग ब्लीच 32 भाग पाण्यात घालून फरशी 10 मिनिटं ओली ठेवावी लागते (तेवढा वेळ मांजर दुसऱ्या खोलीत, नंतर साध्या पाण्याने पुसा). माझी मोठी मांजर वाचली कारण तिची लस झालेली होती.

म्हणून उलट्या, पातळ शी, डोळे चिकटलेले, तोंड उघडून श्वास किंवा 12 तास काही खाल्लं नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की रविवार, वाट बघायची नाही. सगळं ठीक वाटलं तरी 1-2 दिवसांत दाखवून घ्या. जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनियासह तीन आजारांवरची) 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते, 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी डोस, रेबीजची साधारण 12 आठवड्यांनंतर. पिल्लू तुम्हाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच आपल्या डॉक्टरकडे जायचं. अंगावर गोल टक्कल दिसलं तर गजकर्ण असू शकतं, ते आपल्यालाही होतं.

आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. त्यावर वाडगं, वाडग्यात पिल्लू, रोज एकाच वेळी वजन, कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दूध पिणाऱ्या पिल्लाचं वजन दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं, एक दिवसही आकडा खाली आला तर व्हेटला फोन करा.