बांगड्यात अळी दिसली? अख्खा मासा फेकू नका

बांगडा साफ करताना पोटात पांढरी, वेटोळी घातलेली, दोऱ्यासारखी अळी दिसली की आमच्याकडे अख्खा मासा फेकला जायचा. फार जिवावर यायचं. रत्नागिरी-मालवणचा मासा घाट चढून कोल्हापुरात येईपर्यंत बरेच तास जातात, आणि मासा मेल्यावर यातल्या काही अळ्या आतड्यातून पोटाच्या मांसात शिरतात. म्हणून घाई करायची ती पोट काढण्याची.

१. घेतानाच सांगा, "मावशी, पोट आणि कल्ले इथंच काढून द्या." मासा अख्खाच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बघू, असं करू नका.

२. घरी पोटाची पोकळी नळाखाली अंगठ्याने चोळून धुवा. आतला काळपट पापुद्रा निघाला की चिकटलेली अळी लगेच दिसते. मग पोटाकडचा पातळ भाग मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. वेटोळं दिसलं तर तेवढाच तुकडा कापून टाका, बाकीचा मासा खुशाल वापरा.

३. नीट शिजवा. आतपर्यंत ६० अंश सेल्सिअसला १ मिनिट मिळालं की अळी मरते. सुरमईची जाड तुकडी तव्यावर बाहेरून लाल होते, पण काट्याजवळ कच्ची राहते; तिथलं मांस काट्यापासून सहज सुटलं पाहिजे.

मीठ, हळद, लिंबू लावून तासभर ठेवल्याने अळी मरत नाही, त्या भरवशावर मासा अर्धकच्चा खाऊ नका.