फॉल लावता लावता खुनी कसा पकडायचा

साताऱ्यात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं छोटंसं दुकान आहे. हाताने एक फॉल लावायला मला २५ मिनिटं लागतात. फॉल लावता लावता मी ऑडिओबुक, म्हणजे कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेलं पुस्तक, ऐकते. म्हणजे आठ तासांची रहस्यकथा संपायला १९ साड्या. गेली काही वर्षं मी पुस्तकाची लांबी अशीच मोजते. साडी द्यायला आलेल्या बायका कानातली वायर बघून विचारतात, "काय ऐकता हो दिवसभर? आम्हाला पण सांगा." म्हणून हे लिहिते.

आधी कुठल्या कामाला काय लावायचं ते ठरवा. फॉल, हूक, काज, हातशिलाई, यात हात आपोआप चालतो. तिथे रहस्यकथा लावावी. पिकोचं मशीन अर्धं बोलणं खाऊन टाकतं, तिथे पाठलाग-बॉम्बवाली थरारकथा चालते. चार वाक्यं निसटली तरी काही बिघडत नाही, परत कान द्यावा तर माणूस अजून पळतोच आहे. कटिंगला मात्र काहीही लावू नका. मागच्या लग्नसराईत गोष्टीतले पोलीस दार फोडत होते आणि इकडे मी पैठणीवरच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. जुळतं कापड पदरमोड करून आणावं लागलं. आणि त्या दारामागे कोणी नव्हतंच!

सुरुवात कादंबरीने करू नये. शेरलॉक होम्सच्या लघुकथा ५६ आहेत, एक-दोन फॉलांत एक होते. इंग्रजी कळत असेल तर लिब्रिव्हॉक्स नावाच्या वेबसाइटवर हौशी लोकांनी वाचलेल्या फुकट मिळतात. मराठीत ऐकायचं असेल तर स्टोरीटेल ॲपवर बरंच काही आहे. संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नका. कात्री नेमकी त्या फालतू वाटणाऱ्या वाक्यावर चालते, ज्यात धागा लपवलेला असतो.

आता वाचणारा कसा निवडायचा? नमुना ऐकायला मिळतो, त्यात सुरुवातीचं वर्णन ऐकून भुलू नका. "पावसाळी रात्र होती" सगळेच छान वाचतात. दोन माणसं भांडतायत असा तुकडा शोधा. बाईचं बोलणं आलं की गळा आवळल्यासारखा किनरा आवाज काढणारा पुरुष वाचक असेल, तर पुस्तक तिथेच बंद करा. मागे ढ्यँण ढ्यँण संगीत असेल तरी बंद करा. माझे वडील रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या गोष्टी रात्री अगदी सपाट आवाजात वाचून दाखवायचे. आम्ही भावंडं तरीही गोधडीतून तोंड बाहेर काढत नसू.

प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार, हेही मला रहस्यकथेत नको वाटतं. दुसऱ्या प्रकरणात अंधारातून फोनवर धमकी देणारा माणूस पाचव्या प्रकरणात चहा मागतो आणि आवाजावरून आपण त्याला ओळखतो. मग उरलेल्या १२ साड्या कशासाठी? एकाच वाचणाऱ्याने सगळं वाचावं. नाटक हवं तर थरारकथेत करा.

ऐकताना माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे क्रियापदावर कान ठेवणं. मराठीत "आला" म्हटलं की पुरुष, "आली" म्हटलं की बाई. लिहिणाऱ्याला लपवालपवी करायची असली की तो "कुणीतरी आलं" म्हणतो, नाहीतर "ती व्यक्ती जिना उतरली" म्हणतो. 'व्यक्ती' बायकी शब्द, म्हणून पुरुषसुद्धा त्याखाली खपून जातो. निनावी चिठ्ठी वाचली जात असेल तर सुई थांबवा. "मी पाहिलं", "मी ठेवलं", "मी जाळलं" इतकंच असतं, "गेलो" की "गेले" ते कुठेच येत नाही. असं दिसलं की समजा, पुरुष की बाई हाच प्रश्न लेखकाला झाकायचा आहे. एकदा चिठ्ठीतल्या एकाच "परतले"वरून मी तिसऱ्याच साडीला सुनेला पकडलं होतं.

पहिलं प्रकरण गिऱ्हाइकांच्या गर्दीत ऐकू नका. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. ते स्वतःही रहस्यकथा लिहायचे. त्यांचा पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला हवा. सगळे लेखक पाळतात असं नाही, पण जे पाळतात ते नेमके तुम्ही "फॉल मॅचिंग दाखवा" म्हणत असताना त्याला आणून नेतात. पुस्तकात मागचं पान चाळता येतं, इथे मागे जायचं तर १५ सेकंदांचं बटण दाबत बसा. म्हणून नावं लिहून ठेवायची. मी कटिंगच्या टेबलावर खडूने लिहिते: नाव, नातं, त्या रात्री कुठे. एका बाईंनी "डॉक्टर, रात्री ११, खोटं" वाचलं आणि घाबरून विचारलं, "डॉक्टरांचं काही राहिलंय का द्यायचं?"

वेग सव्वापट वगैरे करू नका. चांगला वाचणारा खोटं बोलणाऱ्या पात्राच्या आधी अर्धा श्वास थांबतो, वेग वाढवला की तो थांबा कळेनासा होतो. रात्री ऐकत असाल तर प्रकरण संपल्यावर बंद होणारा टायमर लावा. मी एकदा टायमर न लावता झोपले आणि जाग आली ती नेमकी "म्हणूनच तुम्ही तिला मारलंत!" या वाक्याला.

शेवटचा तास दुकानात ऐकायचा नाही, हे मी आता स्वतःला बजावलंय. नेमकं तेव्हाच कुणीतरी "जरा अर्जंट आहे हो" म्हणत येतं. त्या तासासाठी मी दोन साड्या घरी नेते, कुकर आधी लावून घेते आणि दाराला आतून कडी घालते.