वेड्यावाकड्या हॉलमध्ये फर्निचर लावताना या चुका टाळा

चौकोनी हॉलमध्ये सोफा थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. एल आकाराचा, बोळासारखा लांबट, एका बाजूने तिरपा कापलेला किंवा मध्येच खांब बाहेर आलेला हॉल मात्र अशी चूक पोटात घालत नाही. बहुतेक गडबडी एकाच सवयीतून होतात: आधी भिंती बघून सामान टेकवायचं आणि माणसं कुठून चालणार हे नंतर बघायचं.

वाट न आखता सोफा ठेवणं

हॉलमध्ये उघडणारी सगळी दारं मोजा, बाल्कनीचं आणि बाथरूमचंही. एका दारातून दुसऱ्याकडे माणूस जसा सरळ जाईल, तशी जमिनीवर मास्किंग टेपची रेघ मारा. मुख्य वाटेला 3 फूट द्या, अगदीच अडलं तर अडीच. एखाद्यानेच कधीमधी जायचं असेल तिथे 2 फूट पुरतात. दारांची झडप उघडताना फिरते ती जागा विसरू नका: अडीच फुटी दार उघडताना अडीच फूट त्रिज्येचं पाव वर्तुळ खाऊन टाकतं.

वाटा काढल्यावर जे उरतं त्यात मावणारा सर्वांत मोठा चौकोन शोधा. तुमची बैठक तेवढीच. 12 बाय 18 चा हॉल असला आणि त्याला तीन दारं असली, तर हाती 9 बाय 11 एवढंच लागू शकतं. मन खट्टू होईल, पण सोफा घ्यायला जाताना हाच आकडा न्यायचा. वाट बैठकीच्या मागून किंवा कडेने जावी. ती सोफा आणि टीव्ही यांच्या मधूनच जात असेल तर टीव्हीची भिंत बदला, कारण दार काही हलवता येत नाही.

कोपरा काटकोनात आहे असं धरून चालणं

इथे खरा घात होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर पेन्सिलीने खूण करा. दोन खुणांमधलं सरळ अंतर 5 फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. 5 फूट दीड इंच भरलं तर कोपरा साधारण 3 अंशांनी फाकलेला आहे. दीड इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एल सोफ्याची एक बाजू भिंतीला घट्ट लावली की 8 फुटी दुसऱ्या बाजूचं टोक भिंतीपासून 5 इंच सुटतं. रिमोट, पेनं आणि धूळ, सगळं त्या फटीत. माप 5 फुटांपेक्षा कमी आलं तर उलट होतं: टोक भिंतीला टेकतं आणि फट कोपऱ्यात राहते.

असा कोपरा असेल तर जोडलेला एल सोफा घेऊच नये. एक तीन सीटर, एक दोन सीटर आणि मधल्या कोपऱ्यात छोटं गोल टेबल ठेवलं की फरक टेबलामागे जिरून जातो. बसवायचं कपाट असेल तर रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीनदा घ्या, सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, बाहेर आलेलं असेल तर तळाचं माप त्याच्या पुढून घ्यायचं.

लांबट हॉलमध्ये सगळं भिंतीला चिकटवणं

10 फूट रुंदीच्या हॉलचा हिशोब करून बघा. सोफा 3 फूट खोल, त्याच्यापुढे पाय ठेवायला दीड फूट, सेंटर टेबल 2 फूट, चालायला अडीच फूट. झाले 9. आता दीड फूट खोल टीव्ही युनिट आलं की साडेदहा. अर्धा फूट कमी पडतो आणि तो रोज कुणाच्या तरी नडगीला जाणवतो. टीव्ही भिंतीवर लावला तर युनिटचा दीड फूट तीन-चार इंचांवर येतो. किंवा सेंटर टेबल काढून सोफ्याच्या दोन्ही हातांशी छोटी टेबलं ठेवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे बैठक आडवी वळवणं. साडेसहा फुटी सोफ्याचं एक टोक लांब भिंतीला लावा आणि पाठ उरलेल्या हॉलकडे करा. दुसऱ्या टोकाशी साडेतीन फुटांची वाट मोकळी राहते आणि बोळाचे दोन नीट भाग होतात. पाठीमागे फूटभर खोलीचं, सोफ्याच्या पाठीपेक्षा किंचित बुटकं टेबल ठेवलं की तो भागही कामाचा होतो. मात्र त्यावर दिवा ठेवलात तर त्याची वायर गालिच्याखालून नेऊ नका; पायांखाली ती झिजते, तापते आणि आग लागण्याची भीती असते. वाटेच्या कडेचा प्लग पॉइंट आधी हेरून ठेवा.

एल आकाराच्या हॉलमध्येही हेच तत्त्व: एलच्या एका पायात, म्हणजे एका पट्ट्यात, एक काम. टीव्ही एका पायात आणि सोफ्याचा अर्धा भाग दुसऱ्यात, असं झालं की कडेला बसणाऱ्याला कायम मान वळवून बघावं लागतं.

कोपरा भरायला सोफा तिरका ठेवणं

साडेसहा फुटी सोफा 45 अंशांत ठेवला की त्याच्यामागे साडेदहा चौरस फुटांचा त्रिकोण अडकून पडतो आणि सोफ्याची पुढची कड कोपऱ्यापासून सव्वासहा फुटांवर येते. अडीच फुटी एकटी खुर्ची तिरकी ठेवली तर फक्त दीड चौरस फूट जातो. तिरकं ठेवायची हौस खुर्चीवर भागवा.

तिरप्या भिंतीच्या बाबतीत लोक सगळी बैठकच त्या भिंतीला समांतर लावतात. हॉलमधली सर्वांत लांब भिंत तीच असेल तर ठीक. नाहीतर बैठक फरशीच्या सांध्यांना समांतर ठेवा, कारण सोफा वाकडा आहे हे डोळ्याला भिंतीपेक्षा फरशीच्या रेघेवरून लवकर कळतं. तिरप्या भिंतीशी गोल किंवा उथळ वस्तू शोभतात: उभा दिवा, कुंडी, गोल स्टूल. खांबाशेजारी जो खाचा तयार होतो त्यात खांबाइतक्याच खोलीचं पुस्तकांचं शेल्फ बसवलं की खांब दिसेनासा होतो.

टीव्ही खिडकीसमोर आणि फार उंच

खिडकीसमोर पडद्यावर उजेड चकाकतो. खिडकीच्याच भिंतीवर लावला तर मागच्या उजेडाने डोळे दिपतात. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत उत्तम. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 42 इंचांवर असतात. 55 इंची टीव्ही उंचीला सुमारे 27 इंच असतो, म्हणजे त्याची खालची कड 28 इंचांच्या आसपास हवी. 4के टीव्ही असेल तर साडेपाच ते साडेसात फुटांवरून नीट दिसतो.

सोफा येतो, पण दारातून आत जात नाही

चौकटीचं माप कामाचं नाही. दार पूर्ण उघडून झडपेपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं मोकळं अंतर घ्या. सोफ्याची उंची आणि खोली यांतलं लहान माप त्यापेक्षा कमी हवं. पाय स्क्रूचे असतील तर ते काढून मोजा. लगेच वळण असेल तर सोफा उभा करावा लागतो, तेव्हा त्याची लांबी तिथल्या छताच्या उंचीत बसते का तेही बघा. एल सोफ्याची ऑर्डर देताना नुसतं "डावा" किंवा "उजवा" म्हणू नका. कुणी समोर उभं राहून डावा म्हणतं, कुणी बसून. चित्र काढून त्यात खिडकी आणि दार दाखवा.

लावून झालंय, तरी खटकतंय

बसलेल्यांना आवाज चढवून बोलावं लागत असेल तर समोरासमोरच्या बैठका 8 फुटांपेक्षा लांब गेल्या आहेत. खुर्च्या भिंतीपासून पुढे ओढा. खोली भरलेली असूनही सामान विखुरलेलं वाटतं? गालिचा लहान असणार. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय त्यावर किमान 6 इंच आले पाहिजेत. दार गालिच्यावर अडकत असेल तर गालिचा दाराच्या पाव वर्तुळाबाहेर सरकवा, दाराला रंधा मारायच्या आधी. रिक्लायनर (पाठ मागे झुकणारा सोफा) भिंतीला घासत असेल तर तो पूर्ण उघडून मागे किती लागतं ते मोजा आणि तेवढा पुढे घ्या. पुढे घेतल्यावर वाट अडीच फुटांखाली आली तर तो त्या जागेचा नाहीच.

नवीन मांडणी पक्की करण्याआधी सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवून दोन दिवस राहू द्या. ती ज्या कडेला फाटतील, तिथे तुमची वाट अडते आहे.