लाकडी ओट्याला खालूनही तेल हवं

वीस वर्षं सुतारकाम करतोय, त्यातली निम्मी तरी लोकांच्या स्वयंपाकघरांत गेली. खराब झालेला लाकडी ओटा दाखवायला कुणी बोलावलं की मी वरून बघत बसत नाही. सरळ वाकतो आणि सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या कडेवर आतून बोट फिरवतो. दुखणं बहुतेक वेळा तिथंच सापडतं. वर झकास पॉलिश, आणि आतली कापलेली कड कोरीच्या कोरी, काळी पडलेली, नख रुतेल इतकी मऊ.

हे का होतं ते घरी करून बघा. फळीच्या वरच्या अंगावर तेलाचा एक थेंब टाका आणि आडव्या कापलेल्या टोकावर दुसरा. वरचा थेंब बराच वेळ तसाच बसून राहतो. टोकावरचा बघता बघता आत जिरतो. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर चढवत होतं, त्यांची तोंडं तिथं उघडी असतात. सिंकचं पाणीही तिथूनच शिरतं.

लाकूड निवडताना म्हणून रंगावर जाऊ नका. ओट्यात सिंक बसणार असेल तर माझं मत सागवानाला. त्यात स्वतःचं तेल असतं आणि ते कमी फुगतं. बीच या झाडाचं लाकूड कडक असतं, पोत एकसारखा असतो, पण दमट हवेत ते सागवानाच्या जवळपास दुप्पट हलतं. सिंक नसलेल्या ओट्याला खुशाल घ्या. ओक उत्तम, फक्त त्यावर ओलं लोखंडी भांडं रात्रभर राहू देऊ नका. त्यातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की निळा-काळा डाग उमटतो. अक्रोड देखणं, पण बीचपेक्षा मऊ.

फळी भरीव आहे की प्लायवर पातळ थर चिकटवलाय, हे टोकाशी कळतं. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या पाहिजेत. नुसता थर असेल तर दोनदा घासला की खालचा प्लाय उघडा पडेल. जाडी 38–40 मिलिमीटर असलेली बरी. 27 चीही चालते, पण पुढे पुन्हा पुन्हा घासायला त्यात कमी लाकूड उरतं.

फळी घरी आली की लगेच ठोकू नका. आडव्या पट्ट्यांवर ठेवून, वरून-खालून हवा खेळेल अशी, काही दिवस त्याच खोलीत राहू द्या. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. 60 सेंटिमीटर रुंदीची बीचची फळी कोरड्या हवेतून दमट हवेत चार-पाच मिलिमीटर सहज वाढते. ती खाली चिकटवून टाकली तर तडकेल. पुढच्या बाजूचे स्क्रू घट्ट घ्या, मागच्यांना लांबट भोकं ठेवा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहील. भिंतीशीही फट सोडा आणि ती पट्टीनं झाका.

बसवण्याआधी सहाही बाजूंना तेल. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. फक्त वरून तेल दिलं तर खालचं अंग हवेतली ओल पीत राहतं आणि फळी वळते. आधी 120, मग 180 चा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेनं. मग टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) किंवा डबल बॉइल्ड जवसाचं तेल, अन्न लागणाऱ्या पृष्ठभागाला चालेल असं डब्यावर लिहिलेलं. ही तेलं वाळून घट्ट होतात. मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेल, वाळतच नाही, त्यामुळे ते वरचेवर लावावं लागतं. स्वयंपाकाचं साधं तेल नको, ते चिकट होतं आणि खवट वास मारतं. पातळ हात द्या, वीसेक मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन-चार हात. टोकांना मात्र पिणं थांबेपर्यंत देत राहा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेट घेतं. बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

रोजचं काम थोडंच. नळामागं साचलेलं पाणी पुसायचं, गरम भांड्याखाली काहीतरी ठेवायचं, चिरायला वेगळा पाट घ्यायचा. अधूनमधून पाण्याचे थेंब शिंपडून बघा. गोळ्या होऊन राहिले तर ठीक. पसरून लाकूड गडद झालं की तेलाची वेळ झाली. सिंकभोवती ही वेळ बाकीच्या ओट्यापेक्षा खूप आधी येते.

जड भांडं पडून खड्डा पडला तर लगेच घासू नका. तिथं रेषा तुटलेल्या नसतात, फक्त दबलेल्या असतात. ओलं सुती फडकं ठेवून वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. वाफेनं लाकूड फुगून वर येतं. पूर्ण वाळू द्या, मग तेवढ्याच जागी 180 चा पेपर आणि तेलाचे दोन हात. तो तुकडा सुरुवातीला आजूबाजूपेक्षा फिका दिसेल. उजेडानं तो हळूहळू बाकीच्या रंगाला येतो.