रेदोंचा एकडोळ्या प्रेमिक बघताना

फ्रेंच चित्रकार ओदिलों रेदोंचं ‘सायक्लॉप्स’ हे चित्र मी चित्रकलेच्या वर्गात दाखवते, तेव्हा आधी वरचा अर्धा भाग कोऱ्या कागदाने झाकते. तुम्हीही तेच करा. खाली उरतो फुलांनी लगडलेला उतार आणि त्यावर पहुडलेली एक नग्न स्त्री. तिच्या अंगाचा रंग उताराच्या रंगात नेमका कुठे विरतो, ते बोटाने गिरवून पाहा. घाई नको.

आता कागद काढा. डोंगरामागून अवाढव्य डोकं वर येतं, त्यात एकच डोळा. वर्गात कुणी दचकतं, कुणी हसतं. दोन्ही चालेल.

गोष्ट यानंतर वाचा, आधी नाही. ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस म्हणजे सायक्लॉप्स; त्यांतल्या पॉलिफिमसचं सागरकन्या गॅलातियावर प्रेम. ग्रीक कवी थिओक्रिटसच्या कवितेत तो हळहळतो, की आईने मला माशासारख्या कल्ल्यांसकट जन्म दिला असता तर बुडी मारून तुझ्यापाशी आलो असतो. रोमन कवी ओव्हिडचा पॉलिफिमस दंताळ्याने केस विंचरतो, विळ्याने दाढी कापतो आणि शेवटी तिच्या प्रियकराला, एसिसला, कड्याचा तुकडा फेकून मारतो. रेदोंचा राक्षस यातला कुठला? मला त्यात खुनी दिसत नाही, भिडस्त दिसतो. तुम्ही डोळ्याच्या बाहुलीवरून तिच्यापर्यंत पट्टी ठेवा आणि तो खरंच तिच्याकडे बघतोय का, ते स्वतः ठरवा. यावर माझ्या वर्गात दर वेळी भांडण होतं.

मग शेजारी रेदोंचं 1882 चं शिळाछापाचं चित्र ठेवा: आकाशात तरंगणारा बलून, आणि बलून म्हणजेच एक डोळा. सगळं काळं-पांढरं. कितीतरी वर्षं हा माणूस कोळसा आणि काळ्या शाईतच रमला होता. रंग नंतर आले. ‘सायक्लॉप्स’ 1914 च्या सुमाराचं, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावरचं. डोळा तोच, पण धाक गेलेला. फुलांचं वेड मात्र जुनं: तरुणपणी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात आर्मां क्लाव्हो या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याची मैत्री होती.

पडद्यावर आकार कळत नाही. वर्तमानपत्राचा साधारण 65 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा कापून भिंतीवर लावा. एवढाच राक्षस आहे तो.

मूळ चित्र नेदरलँड्समधल्या ऑटर्लोच्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयाचं. हे संग्रहालय होखे वेलुवे राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, त्यामुळे उद्यानाचं तिकीटही काढावं लागतं. निघण्याआधी चित्र भिंतीवर आहे ना, एवढं विचारून घ्या.