यकृतातली गाठ आणि कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी: वॉशआउट खरा की प्रोबने केलेला?

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत (शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन केलेली सोनोग्राफी) निदान वॉशआउटवर, म्हणजे गाठ नंतर शेजारच्या यकृतापेक्षा काळी पडण्यावर फिरतं, आणि नेमका तोच हाताळणीच्या चुकीने खोटा तयार होऊ शकतो.

सोनोव्ह्यू या बुडबुड्यांच्या औषधाच्या कुपीत ५ मिलि नॉर्मल सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवा. द्रव दुधासारखा दिसला पाहिजे. कुपी थोडा वेळ ठेवली असेल तर ओढण्याआधी पुन्हा हलवा, कारण बुडबुडे वर तरंगून येतात. कोपराच्या शिरेत २० गेजचा कॅन्युला घाला. थ्री-वेच्या (तीन तोंडांच्या जोडणीच्या) सरळ तोंडाला औषध, आडव्या तोंडाला सलाईन. उलट जोडलं तर वळणावर बुडबुडे फुटतात. मोठ्या माणसाला २.४ मिलि, मागोमाग ५ ते १० मिलि सलाईन. सलाईन सुरू होताच टायमर दाबा. औषधातला वायू श्वासावाटे जातो, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं (मूत्रपिंड कमजोर) असलं तरी अडत नाही. ॲलर्जी क्वचित येते, पण इमर्जन्सी ट्रे हाताशी हवाच.

एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे ध्वनिलहरींचा जोर) ०.१च्या आसपास ठेवा. औषध देण्याआधी पडद्यावरची कॉन्ट्रास्टची बाजू जवळपास काळी दिसली पाहिजे. यकृत राखाडी दिसत असेल तर गेन (प्रतिध्वनीचं वर्धन) जास्त आहे.

पहिलं मिनिट प्रोब हलवू नका, सलग क्लिप घ्या. धमनीची फेज (औषध धमनीतून यकृतात येण्याचा काळ) १०-२० सेकंदांना सुरू होते आणि ३०-४५ला संपते. हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी, कर्करोग नसलेली गाठ) कडेने ठिपक्याठिपक्यांनी भरत आत सरकतो. एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, हीही साधी गाठ) मध्यातून चाकाच्या आऱ्यांसारखा बाहेर पसरतो. हे सेकंदांत उरकतं, म्हणून क्लिप हळू करून पाहा.

मिनिटानंतर मात्र प्रोब उचला आणि दर ३० सेकंदांनी काही क्षणच बघा, ४ ते ६ मिनिटांपर्यंत. सलग बघत राहिलात तर बुडबुडे फुटतात आणि साधी गाठही काळी पडते. शंका आली तर शेजारचं, अजून न पाहिलेलं यकृत बघा: तेच उजळ आणि पाहिलेला पट्टा गाठीसकट काळवंडलेला असेल, तर तो वॉशआउट नव्हे.

खऱ्या वॉशआउटची वेळ लिहून ठेवा. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात १० मिमी किंवा त्याहून मोठी गाठ धमनीत उजळली, कड नव्हे, आणि ६० सेकंदांनंतर सौम्य काळवंडली, तर ती एचसीसी (यकृताच्या पेशींचा कर्करोग). ६० सेकंदांच्या आत काळी पडली किंवा फक्त कड उजळली, तर मेटास्टॅसिस (दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग) किंवा पित्तनलिकेचा कर्करोग मनात धरा. असा धोका नसलेल्या रुग्णाला हे एचसीसीचे निकष लावू नका.

शेवटी पूर्ण यकृतावरून एकदा प्रोब फिरवा. नवा काळा ठिपका सापडला तर त्याची धमनीची फेज हुकलेली असते. उरलेले बुडबुडे फ्लॅशने (क्षणभर जोरदार ध्वनिलहरी सोडून) फोडा आणि दुसरा डोस द्या.